पोळ्याचे दोन दिवस : एक शेताचा, एक रानाचा

आपल्या बालाघाटात गणपतीची चाहूल बैलांच्या घुंगरांनी लागते. अमावस्येला पोळा भरतो, दुसऱ्या दिवशी सकाळी नारबोद गावाबाहेर जाते, संध्याकाळी पोरांचा तान्हा पोळा होतो. मग हरतालिका, आणि चतुर्थीला बाप्पा दारात हजर. या चार-पाच दिवसांत सुताराकडून लाकडी बैल येतो, कुंभाराकडून माती येते, बुरडाकडून सूप-टोपली येते आणि रानातून पळसाची फांदी येते. गणपतीचे कौतुक या स्मरणिकेत दरवर्षी होतेच. यंदा त्याच्या आधीच्या दोन दिवसांबद्दल चार शब्द लिहावेत असे आम्ही ठरवले.

आधी एक गंमत. आपल्या घरी ही श्रावणातली पिठोरी अमावस्या. शेजारच्या हिंदी घरी मात्र तिलाच भादोंची अमावस म्हणतात, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावस्येला. महिन्याचे नाव वेगळे, पण बैल एकाच दिवशी सजतात. चार दिवसांनी येणारी गणेश चतुर्थी तर दोन्ही पंचांगांत भाद्रपदातच येते. दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्या आपल्या गावाला हे शोभूनच दिसते.

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून तयार झाला. त्याआधी १८५३ पर्यंत यातला बराच मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. सरहद्द बदलली, पण सण बदलले नाहीत. गोंदियात, भंडाऱ्यात जसा पोळा भरतो तसाच वारासिवनीत आणि लांजीत भरतो.

बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. खाली वैनगंगेचे खोरे आणि धानाची बांधी. वर बैहर, परसवाडा आणि रान. घाटावर नांगराची शेती पसरली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसवण्याचे श्रेय गॅझेटिअर लछमन नाईकांना देते. पुढे जिल्ह्याचे एक सुरुवातीचे डेप्युटी कमिशनर कर्नल ब्लूमफील्ड यांनी खोऱ्यातल्या पोवारांना बैहरकडे वसण्यास उत्तेजन दिले. तिथले बैगा मात्र नांगर धरत नसत. धरती ही आई, तिची छाती लोखंडाने फाडू नये, ही त्यांची श्रद्धा. झाडोरा जाळून त्या राखेत बी टाकायचे, ही त्यांची बेवर शेती. सरकारने तिच्यावर बंदी आणत आणत १८९० मध्ये ती फक्त बैगाचकापुरती ठेवली. तो भाग आज डिंडोरी जिल्ह्यात आहे. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात ही हकीकत सविस्तर मांडली आहे. सांगायचे ते असे, की घाटावर बैल नांगराबरोबर चढला आणि बैलाबरोबर पोळाही चढला असणार. रान तिथे आधीपासूनच होते. या दोघांची गाठ पोळ्याच्या दोन दिवसांत पडलेली दिसते.

पहिला दिवस शेताचा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. सकाळी आंघोळ, मग शिंगांना रंग, बेगड, बाशिंग, पाठीवर झूल, नवी वेसण, नवा कासरा. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या होतात, मानाची जोडी पुढे निघते आणि तोरण तुटते. मग बैल घरोघरी पूजेला जातात आणि गड्याच्या हातावर बोजारा पडतो. ज्याच्या घरी जोडी नाही तो मातीचे बैल पुजतो.

दुसरा दिवस रानाचा. पोळ्याला दारात ठेवलेले पळसाचे मेढे पहाटे उचलतात. घरातली इडापिडा, खोकला, ताप, डास या सगळ्यांना नावे घेऊन हाकलतात आणि नारबोदेला शिवेबाहेर पोचवतात. नागपुरात हीच मारबत. तिथल्या काळ्या-पिवळ्या मारबतींची मिरवणूक १८८० च्या दशकापासून निघते आहे. तिला शहरी, राजकीय रंग चढला. आपल्या खेड्यांत मात्र ती पावसाळी रोगराईची पाठवणीच राहिली. पुष्कळ गावांत गेडीचाही निरोप याच दिवशी होतो. महिनाभर आधीच्या अमावस्येला पोरे बांबूच्या गेड्या करतात, चिखलातून त्यांच्यावर चालतात आणि नारबोदेबरोबर त्या गावाबाहेर टाकून येतात.

त्याच संध्याकाळी तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी तो सुरू केला असे मानतात. बैल म्हणजे काय हे लहान मुलांना कळावे म्हणून लाकडी बैल, खाली चाके, गळ्यात दोरी. तळहाताएवढ्या बैलापासून माणसाच्या उंचीच्या नंदीपर्यंत सगळे सुताराच्या हातचे. म्हणजे या दिवशी बैलसुद्धा रानातूनच आलेला असतो.

रानातले हे लाकूड, हा बांबू गावाला कोणत्या हक्काने मिळत आला? आम्ही सरकारी नोकर, कागदाची सवय. म्हणून हा भाग थोडा सविस्तर सांगतो. आपल्याकडे याला एक शब्द आहे : निस्तार. नांगराला, गाडीला, कुंपणाला, चुलीला लागणारे लाकूड-बांबू आणि गुरांची चराई ही गावाची नित्याची गरज. ती भागवणे म्हणजे निस्तार. मालगुजारीच्या काळात गावचे रान मालगुजाराचे असे आणि वहिवाट त्याच्याकडून मिळे. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली आणि ती राने सरकारकडे आली. पुढे १९५९ च्या भू-राजस्व संहितेने प्रत्येक गावासाठी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ठेवण्याची तरतूद केली. कोणत्या जागेवर चराई, कुठून माती, कुठून लाकूड, कोणती वाट, कोणते पाणी कोणाचे, हे या कागदांत लिहिलेले असते. २००६ च्या वनाधिकार कायद्याने तर निस्तार हा शब्द जसाच्या तसा घेऊन सामूहिक हक्कांत घातला. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, म्हणजे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडणे सोपे झाले.

हे सगळे आज का सांगायचे? कारण पोळ्याची एक बाजू आपल्या डोळ्यांदेखत बारीक होत आहे. ट्रॅक्टर आला आणि जोड्या कमी झाल्या. तोरणाखालची रांग आखूड झाली. त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देता येत नाही. बैलजोडी वर्षभर पोसायची आणि काम काही आठवड्यांचे, हा हिशेब त्याला परवडत नाही. उलट तान्हा पोळा शहरात वाढतो आहे, बक्षिसे लागतात, गर्दी होते. खरा बैल मागे पडला आणि लाकडी बैल पुढे निघाला. पण तोही बाजारातून प्लास्टिकचा आला, पळसाऐवजी कागदी झालर लागली, तर दुसऱ्या दिवसाचाही रानाशी संबंध तुटेल. मग पोळा म्हणजे फक्त वेशभूषा स्पर्धा उरेल.

निस्तारपत्रकातली जी नोंद कोणी वापरत नाही, ती हळूहळू विस्मरणात जाते. कारागिरीचेही तसेच आहे. सुताराला वर्षातून एकदा मागणी आली तरी मुलगा बापाशेजारी बसून बैलाची मान कशी वळवायची ते शिकतो. मागणीच थांबली तर पटाशी कपाटात जाते.

मंडळातल्या कुटुंबांना म्हणून आमची तीन कामांची विनंती आहे. पुढच्या पोळ्याला नातवंडांसाठी लाकडी बैल घ्यायचा तर तो ओळखीच्या सुताराकडे आषाढातच सांगावा. लाकूड वाळायला वेळ लागतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना ज्या झडत्या पाठ आहेत त्या वहीत उतरवून मंडळाकडे द्याव्यात, मग त्या मराठी असोत, पोवारी असोत की हिंदी. आणि ज्यांचे मूळ गाव अजून जिवंत आहे त्यांनी एकदा पटवाऱ्याकडे जाऊन आपल्या गावचे निस्तारपत्रक वाचून यावे. आजोबा पळस कुठून आणत आणि गुरे कोणत्या वाटेने नेत, ते बहुधा त्यातच लिहिलेले सापडेल.