ब्रूजचे दारिद्र्य

शनिवार-रविवारची सवड साधून जी असंख्य जोडपी ब्रसेल्सहून तासाभराच्या आगगाडीच्या प्रवासाने ब्रूज नगरीत उतरतात, कालव्यांतून नौकाविहार करतात, घंटाघराच्या 366 पायऱ्या धापा टाकीत चढतात आणि सोमवारी पुन्हा आपापल्या कचेरीत रुजू होतात, त्यांना मोहविणारी तेथील निःस्तब्धता कोणा रसिक राजाने निर्माण केलेली नाही. एका बुडालेल्या बाजारपेठेची ती मागे उरलेली मिळकत आहे.

1134 च्या वादळाने फ्लँडर्सचा किनारा फोडून झ्विनची खाडी आत आणली आणि ब्रूजला समुद्राची वाट मोकळी झाली. इंग्लंडची लोकर, बाल्टिककडील मेण, फ्रान्सची मद्ये येथे उतरू लागली. जर्मन हान्सा संघाच्या व्यापाऱ्यांनी येथे ठाणे दिले, फ्लॉरेन्सच्या मेदिचींनी पेढी घातली. आज ज्या मुख्य चौकात नवपरिणीत दांपत्ये छायाचित्रे काढून घेतात, त्याच्या पूर्वेस ‘वॉटरहाले’ नावाची प्रचंड वखार उभी होती. पडाव थेट तिच्या छपराखाली शिरत आणि माल पावसाचा थेंब न लागता उतरे. जवळच एक लाकडी यारी होती. तिच्या थोरल्या चाकांच्या पोटात शिरून माणसे चालू लागली की चाके फिरत, दोर गुंडाळला जाई आणि मद्याची पिंपे हळूहळू वर चढत. प्रवाशांना हल्ली प्रेमसरोवर म्हणून जो जलाशय दाखवितात, तोही मूळचा पडावांचाच तळ. हंसांच्या आधी तेथे हमालांची वर्दळ होती.

हे वैभव गेले ते निम्मे निसर्गाने आणि निम्मे राजकारणाने. झ्विन गाळाने भरत चालली होतीच. त्यात 1488 मध्ये नागरिकांनी हाब्सबुर्ग घराण्याच्या माक्सिमिलियनला चौकातील क्रानेनबुर्ग या घरात कैद केले. सुटका झाल्यावर त्याने या शहराचा डूख धरला आणि परदेशी सावकारांना अँटवर्पकडे वळविले. (त्या घराच्या जागी आता उपाहारगृह आहे आणि तेथे कॉफी बरी मिळते.) 1787 मध्ये वॉटरहालेही पाडली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तर बेल्जममधील अत्यंत दरिद्री शहरांत ब्रूजची गणना होई आणि हजारो बायाबापड्या लेस विणून पोट जाळीत. जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसाच गावात नव्हता, म्हणून जुनी टिकली. आणि जी टिकली नव्हती त्यांतील कित्येक त्याच शतकातील गॉथिक शैलीच्या भक्तांनी मध्ययुगीन वळणावर नव्याने उभारली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

या दैन्याला सौंदर्याचा दर्जा मिळवून दिला तो जॉर्ज रोडेनबाखच्या 1892 मधील ‘ब्रूज-ला-मॉर्त’ या कादंबरीने. तिचा नायक विधुर. मृत पत्नीच्या शोकाला शोभेल असे मृत नगर म्हणून तो ब्रूजला येऊन राहतो. विधुराच्या विलापाने प्रसिद्ध झालेल्या गावी पुढे मधुचंद्राची गर्दी लोटावी, हा दैवाचा विनोदच म्हणायचा! स्थानिकांना मात्र ‘मृत’ हे विशेषण झोंबले, कारण नेमके तेव्हाच ते झेब्रूख येथे नवे बंदर बांधण्याच्या खटपटीत होते. ते बंदर 1907 मध्ये खुले झाले. रोडेनबाखचे स्मारक ब्रूजमध्ये उभे राहिले नाही; ते शेजारच्या गेंटमध्ये आहे.