एका जेवणावर धावलेली लेक

आम्ही माकणीच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. मागच्या वेळी कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आज बोलायचंय आपल्याच जिल्ह्याच्या एका लेकीवर आणि आपण सगळ्या लहानपणी खेळलेल्या एका खेळावर. लेक म्हणजे धाराशिवची सारिका काळे आणि खेळ खो-खो.

खो-खोला काय लागतं? दोन खांब आणि मोकळी जागा. आठ जणी पाटीवर एकीआड एक उलट्या तोंडाने बसतात, नववी पळते. पळणारीला मागे फिरता येत नाही. म्हणून ती बसलेलीच्या पाठीवर थाप देऊन ‘खो’ म्हणते आणि पुढचं धावणं तिच्यावर सोपवते. बिनखर्चाचा म्हणून हा खेळ गावोगाव पोचला. त्याचे नियम पहिल्यांदा नीट बसवले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने, 1914 साली. म्हणजे शंभर वर्षांहून जुना हा कारभार. पण गावात मुलगी मोठी झाली की तिचा खेळ बंद होतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

सारिकाचा खेळ बंद झाला नाही. तेराव्या वर्षाच्या सुमारास ती मैदानावर आली. घरची परिस्थिती बेताची. वडिलांना शारीरिक अडचणीमुळे फारसं कमावता येत नव्हतं. आई शिवणकाम करायची, आजी-आजोबांच्या कमाईवर घर चालायचं. पुढे मोठी खेळाडू झाल्यावर सारिकानेच सांगितलं, की जवळपास दहा वर्षं आपण दिवसातून एकदाच जेवत होतो. चांगलंचुंगलं खायला मिळायचं ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावरच.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू. धावणाऱ्या पोरीला किती भूक लागते, हे आपण आया जाणतो. आपल्याकडे बाया सगळ्यांच्या शेवटी जेवतात आणि पोरीही तेच बघून शिकतात. त्या घरात ताटं कमी होती. पण आपल्यातल्या किती घरांत अन्न असूनही पोरीच्या ताटात कमी पडतं? याचं उत्तर आपलं आपण द्यायचं.

2016 च्या फेब्रुवारीत दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा पहिल्यांदा समावेश झाला. गुवाहाटीला झालेल्या त्या स्पर्धेत भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं आणि संघाची कर्णधार होती सारिका. पण पदकाने चूल पेटत नाही. त्याच 2016 सालात घरच्या ओढाताणीने ती इतकी खचली, की खेळ सोडायचं ठरवून तिने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी तिची समजूत काढली आणि ती पुन्हा मैदानावर आली. मन खचलेल्या पोरीला “नखरे करतेय” म्हणून सोडून न देता कुणीतरी तिच्याशी बोलत राहिलं, म्हणून पुढचं सगळं घडलं.

पुढे तिला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून सरकारी नोकरी मिळाली, आपल्या तुळजापूरला. आणि 2020 साली अर्जुन पुरस्कार. खो-खोला हा पुरस्कार तब्बल 22 वर्षांनी मिळाला. कोरोनामुळे त्या वर्षी 29 ऑगस्टचा सोहळा ऑनलाइन झाला. त्याच वर्षी पुरस्काराची रक्कम 5 लाखांवरून 15 लाख झाली होती.

त्या 27 जणांच्या यादीत आणखी एक मुलगी होती, बंगळुरूची अदिती अशोक. तिचा खेळ गोल्फ. लांबच लांब हिरवळीवर काठीने चेंडू मारत तो एकेक करून 18 खळग्यांत घालायचा. हा महागडा खेळ ती पाचव्या वर्षापासून खेळते. 2016 साली ती व्यावसायिक खेळाडू झाली, म्हणजे खेळ हाच तिचा रोजगार. तिथे स्पर्धेत वरचा क्रमांक आला की बक्षिसाची रक्कम मिळते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ती चौथी आली, तेव्हा तिची काठ्यांची पिशवी उचलून सोबत चालत होती तिची आई. एकीच्या आईने पिशवी उचलली, दुसरीच्या आईने शिलाई मशीन चालवलं. कष्ट दोघींचेही. फरक एवढाच, की खो-खोच्या पोरीला पोटासाठी नोकरीचीच वाट बघावी लागते. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेची प्रमाणपत्रं लागतात. ती रेशनकार्डासारखी जपून ठेवा.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे आणि संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. सारिकाने ज्या पाटीवर खो दिला, तिथून पुढच्या पोरी उठून धावल्या.

आता आपल्या गटांनी काय करायचं? पुढच्या बैठकीत तीन गोष्टी बोला. गावातल्या किती पोरींचा खेळ सातवी-आठवीनंतर सुटला, त्यांची नावं काढा. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी पोरी खेळत असतील, तर गटातल्या दोघी आळीपाळीने तिथे जाऊन बसा, म्हणजे घरच्यांना घोर राहणार नाही. आणि खेळणाऱ्या पोरींसाठी भिजवलेले हरभरे, शेंगदाण्याचे लाडू, जमलं तर अंडी, एवढं गटातून करता येतं का ते बघा. अठराच्या आत लग्न कायद्याने गुन्हा आहे, हेही त्याच बैठकीत पुन्हा एकदा सांगा. मैदानावर जाणाऱ्या पोरीचं लग्न घाईने उरकायचं बोलणं निघालं, तर आधी गटाला कळलं पाहिजे.

आणि आज रात्री पोरीला आपल्या बरोबरीने जेवायला बसवा. दोघींनीही पोटभर जेवा.