तुकारामनगरातला नारळ

आमच्या वसाहतीचं नाव आजीने कधीच घेतलं नाही. पिंपरीतलं संत तुकारामनगर तिच्या तोंडी शेजारच्या रुग्णालयावरून नुसतं ‘वायसीएमजवळ’ असायचं. वडील टेल्कोत लागले, म्हणून ती रेवसजवळचं गाव सोडून इथे आली होती. माळकरी बाई, पण तुकाराम म्हणायला जीभ रेटत नव्हती.

कारण उशिरा कळलं. ११ नोव्हेंबर १९२७ ला ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. ते तिच्या जन्माआधीचं, आईकडून ऐकलेलं. ‘रामदास’ मात्र तिची स्वतःची. “तुकाराम बुरली न् रामदास पन बुरली,” ती म्हणायची. बोटींना संतांची नावं देणाऱ्यांनी भक्तीनेच दिली असणार. आजीच्या मनात मात्र आधी बोट यायची, मग संत.

१७ जुलै १९४७. आषाढी अमावस्या, म्हणजे गटारी. तिचा थोरला भाऊ परळच्या गिरणीत होता, तो सणाला गावी यायचा होता. ‘माझी आगबोट कंपनी’ या नावाने लोक जिला ओळखत, तिची ‘रामदास’ सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. दीड-एक तासाचा प्रवास, तोही ऐन पावसाळ्यात. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आदळली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. ६२५ हा आकडा बहुतेक ठिकाणी सापडतो, आणखी मोठेही सापडतात.

रेवसकडचे कोळी होड्यांतून मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. त्यांनी पापलेटं समुद्रात ओतली आणि होडीत माणसं भरली. आजी हा भाग सांगताना हाताने टोपली उलटी करायची. दरवेळी. मुंबईला खबर लागायला संध्याकाळ उजाडली. गेटवेला वाहत आलेल्या एका पोराने ती सांगितली म्हणतात. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. त्या धामधुमीत ‘रामदास’ लवकरच मागे पडली, असं मला वाटतं.

भाऊ सापडला नाही. पुढे आम्ही तिला देहूला नेलं तेव्हा कीर्तनकाराने इंद्रायणीत बुडवलेली गाथा तेराव्या दिवशी कोरडी वर आल्याची कथा सांगितली. सगळ्यांनी हात जोडले. आजी हळूच म्हणाली, “आमी पन तेरा दिस वाट पायली व्हती. मंग तेरावा घातला.”

घरामागच्या मोकळ्या पट्ट्यात तिने गावाकडून आणलेला नारळ लावला. भोवती अबोली, एक अनंत, विटांची तिरकी ओळ. बाग म्हणायची ती एवढीच. आषाढी अमावस्येला आई घरातले दिवे घासून पाटावर मांडायची. त्यातला एक आजी उचलून नारळाच्या बुंध्याशी ठेवायची. वारा आला की तो विझायचा. परत लावायची. त्या झाडाचा नारळ घरात फोडायला तिची बंदी होती. नारळी पौर्णिमेला गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीत तो निघायचा आणि रेवसच्या खाडीत पडायचा.

वसाहतीतच अग्निशमन केंद्र. तिथे दर १४ एप्रिलला जवान रांगेत उभे राहतात. १९४४ ला त्या तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे दारूगोळा आणि कापूस भरलेलं जहाज फुटलं, अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे. एका वर्षी आजीने मला विचारलं, हे कुणासाठी उभे राहतात? मी सांगितलं. ती ऐकून घेत राहिली, मग म्हणाली, “बोटीसाठीच ना ते पन.” मी हो म्हटलं. वर्दीत गेलेल्यांची यादी असते. गटारीला गावी निघालेल्या गिरणी कामगारांची कोण ठेवणार, हे मी बोललो नाही.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. अनंत वाळला, अबोली कधीच संपली. मधे पालिकेची झाडं मोजणारी माणसं येऊन गेली. नारळाच्या खोडाला त्यांनी पत्र्याचा बिल्ला ठोकलाय. त्यावर आकडा आहे.