भित्तिपत्रक, कॅमेरा आणि तीन अटी

स्मरणिका समितीतून फोन आला तेव्हा मी वर्गात होते. "तू पत्रकारिता शिकवतेस, तर वर्ध्यातल्या पत्रकारितेच्या इतिहासावर लिही. पण बोजड नको," असं बजावण्यात आलं. बोजड न करता इतिहास सांगणं आपल्या इतिहासाच्या बाईंनाच जमायचं. मी आपली मला ठाऊक असलेल्या वाटेनं जाते. ती वाट आपल्या शाळेच्या जिन्याखालून निघते.

तिथं आपलं भित्तिपत्रक लागायचं, आठवतं? ड्रॉइंग शीट, चार टाचण्या, आणि ज्याचं अक्षर चांगलं त्याच्यावर सगळा भार. आठवीत असताना कबड्डीच्या सामन्याची बातमी मी मैदानावर न जाता, कुणीतरी सांगितलेलं ऐकून लिहिली. आपला संघ हरला, असं लिहून मोकळी झाले. प्रत्यक्षात आपण जिंकलो होतो! संघातल्या मुलांनी मला मधल्या सुट्टीत घेरलं ते वेगळंच. मराठीचे सर रागावले नाहीत. त्यांनी नवा कागद दिला आणि म्हणाले, "चूक ज्या जागी आणि जेवढ्या अक्षरात झाली, दुरुस्ती त्याच जागी आणि तेवढ्याच अक्षरात." पुढं नागपूरच्या एका दैनिकात अकरा वर्षं उपसंपादक होते, 2002 पासून शिकवते आहे. पत्रकारितेची नीती म्हणून जे काही मी मुलांना सांगते, त्यातलं निम्मं या एका वाक्यात येतं.

मराठी पत्रकारितेचा इतिहास शिकवताना सुरुवात 1832 च्या 'दर्पण'पासून आणि बाळशास्त्री जांभेकरांपासून होते, ती व्हायलाच हवी. पण वर्ध्याच्या मुलांना मी आधी वर्ध्यातच फिरवते. विनोबांनी 1923 मध्ये 'महाराष्ट्र धर्म' हे मासिक सुरू केलं ते इथून. 1936 च्या एप्रिलअखेर गांधीजी सेगावला राहायला आले, आणि वीज नसलेल्या, धड रस्ता नसलेल्या त्या खेड्याकडे देशभरच्या वार्ताहरांचे पाय वळू लागले. 'हरिजन'चे लेख इथं लिहिले जात आणि टपालानं छापखान्याकडे जात. महादेवभाई देसाई मगनवाडीत राहायचे आणि वर्ध्याच्या उन्हात रोज सेगावपर्यंत पायी जाऊन परत यायचे. दिवसभर नोंदी घेणं, पत्रांची उत्तरं, लेख, भाषांतरं हे सगळं त्या चालण्याच्या दोन टोकांच्या मधे. आज नोंद घ्यायला सांगितलं की मुलं फळ्याचा फोटो काढतात. तेव्हा मला महादेवभाई आठवतात. मुलांना ते पटत नाही, पण मी सांगते.

सेगावचं सेवाग्राम कसं झालं, ही तर आपल्या विदर्भाची खास गोष्ट. गांधीजींची पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊन पडायची! टपालाचा हा घोळ संपावा म्हणून 1940 मध्ये नाव बदललं. पत्ता चुकला तर मजकूर कितीही मोलाचा असो, पोचत नाही. आश्रमात गेलात तर तो जुना टेलिफोनही पाहा. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवून घेतला, असं सांगतात. ज्यांच्या झोपडीत विजेचा दिवा नव्हता त्यांच्याकडे सरकारनं स्वतःहून तार ओढली. 1942 च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर सेवाग्रामात राहिला. त्या मुलाखतींचं पुढं पुस्तक झालं.

पत्रकारिता वर्गात शिकवायची सोय आपल्या भागात झाली ती 1952 मध्ये. अमेरिकेतल्या सिरॅक्युज विद्यापीठाचे रोलंड वुल्सली हे फुलब्राइट योजनेतून नागपूरला आले आणि हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचा विभाग सुरू झाला. 1948 मध्ये नागपूर आकाशवाणी सुरू झालेली होती, 'लोकमत' 1971 मध्ये नागपुरातून दैनिक म्हणून निघू लागला. आपल्या वर्ध्यातच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय 1997 मध्ये स्थापन झालं, आणि तिथं हिंदीतून जनसंचार शिकवलं जाऊ लागलं. एवढं पाठांतर परीक्षेला पुरतं.

खरी गंमत यंत्रांची आहे, आणि ती मी स्वतः पाहिली. नोकरीला लागले तेव्हा तालुक्याचा वार्ताहर बातमीचा लखोटा एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचा. बस पंक्चर झाली की आर्वीची बातमी दुसऱ्या दिवशी. मग फॅक्स आला. त्याचा गुळगुळीत कागद महिनाभरात पुसट व्हायचा. खिळे जुळवणारे कंपोझिटर काका निवृत्त झाले आणि संगणकावर टाइप करणारी मुलं आली. त्या काळात प्रत्येकाचा मराठी फाँट वेगळा. एका संगणकावरचा अग्रलेख दुसऱ्यावर उघडला की कीटकनाशकाच्या डब्यावर छापतात तशी चिन्हंच चिन्हं! युनिकोड रुळल्यावर तो जाच संपला. शिकवू लागले तेव्हा माझ्या अभ्यासक्रमात 'मुद्रितशोधन' आणि 'पानाची मांडणी' यांना मोठा मान होता. दहा वर्षांत मुलं विचारू लागली, "मॅडम, कागदावर कोण वाचतं?"

2012 च्या डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'नं 'स्नो फॉल' नावाची गोष्ट संकेतस्थळावर दिली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात हिमकडा कोसळून तीन स्कीइंग करणारे गेले, त्याची ती हकिगत. वाचता वाचता बर्फ हलतो, नकाशावर डोंगर फिरतो, वाचलेले लोक बोलू लागतात. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. मी ती वर्गात दाखवली. बाहेर मे महिना, आत कूलर बंद, आणि पडद्यावर हिमवादळ. एक पोरगा मागून म्हणाला, "मॅडम, आपल्याकडं बर्फ फक्त रसवंतीवर." हशा पिकला. पण प्रश्न बरोबर होता. आपल्याकडची गोष्ट कोणती? हिंगणघाटचा कापूस. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं त्यात आपला वर्धा होता. त्या काळात वाहिन्यांच्या ओबी व्हॅन गावोगाव फिरल्या. पी. साईनाथ त्याआधीपासून इथल्या घरांत जाऊन बसत होते, आणि 2014 मध्ये त्यांनी 'पारी' हे ग्रामीण भारताचं संग्रहस्थळ सुरू केलं, ज्यावर मराठीतूनही वाचता येतं. म्हणजे धडा गिरवायला नमुने होते. मी मुलांना काम दिलं: शब्द, फोटो, आवाज आणि व्हिडिओ वापरून एका घराची गोष्ट सांगा.

आता जे लिहिते ते समितीनं मागितलेलं नाही.

2017 साल. आदल्या वर्षी मोबाइलचा डेटा फुकटासारखा झाला होता आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला होता. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीनं आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरची सहा मिनिटांची फिल्म केली. त्या बाई बोलता बोलता रडतात, कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर स्थिर राहतो. मी तिला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले. "कॅमेरा हलला नाही, हे विशेष," असं मीच म्हणाले, आणि ती फिल्म वर्गाच्या यूट्यूब चॅनेलवर चढवली.

महिन्याभरानं त्या बाईंच्या मुलीचा फोन आला. अकरावीतली पोर. कुणीतरी त्यातले रडण्याचे चाळीस सेकंद कापून, मागं गाणं लावून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवले होते. तिच्या कॉलेजच्या ग्रुपवरसुद्धा आले. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, माया आईनं बोलाले हो म्हनलं होतं, दाखवाले नाई."

मी फिल्म काढून टाकली. चाळीस सेकंद मात्र फिरतच राहिले. मी आणि ती विद्यार्थिनी त्या घरी गेलो. बाईंनी चहा केला. नवरा गेला तेव्हा टीव्हीवाले आले होते, ते तरी निघून गेले, हे मोबाइलातच राहतं, असं त्या शांतपणे म्हणाल्या. परत येताना एसटीत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. पोरीनं तर पुढं महिनाभर मोबाइलचा कॅमेरा उघडला नाही. मला सरांची दुरुस्ती आठवत होती: त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात. पण इथं ती जागाच हाताबाहेर गेली होती.

त्या दिवसांत मी सेवाग्रामचे जुने फोटो पुन्हा पाहायला लागले. ते बहुतेक कनू गांधींनी काढलेले, महात्माजींच्या नात्यातले, आश्रमातच कामाला असलेले. कनूभाईंना कॅमेरा हवा होता, आश्रमाकडे पैसा नव्हता. मग घनश्यामदास बिर्ला यांनी 100 रुपये दिले आणि रोलीफ्लेक्स आला. गांधीजींनी परवानगी देताना तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मला पोज द्यायला सांगायचं नाही, आणि खर्च आश्रमावर पडता कामा नये. कनूभाई फोटो वर्तमानपत्रांना विकून फिल्मचे पैसे उभे करत. गांधीजी वजनकाट्यावर, गांधीजी टेलिफोनवर, पाठमोरे चालणारे गांधीजी, असे फोटो निघाले ते या अटींच्या आत राहून. आणि एक फोटो निघालाच नाही. 22 फेब्रुवारी 1944 ला पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. बा गांधीजींच्या मांडीवर अखेरचे श्वास घेत असताना कनूभाई तिथं होते आणि गांधीजींनी त्यांना फोटो काढू दिला नाही.

वर्षानुवर्षं मी हा प्रसंग 'किस्सा' म्हणून सांगत आले होते. 2017 नंतर तो मी कॅमेऱ्याच्या पहिल्या तासाला सांगते, लेन्स आणि प्रकाशाच्या आधी. मुलं वाद घालतात. एकानं विचारलं, तो फोटो असता तर इतिहासाला उपयोग झाला नसता का? झाला असता. माझ्याकडे त्याचं तयार उत्तर नाही, आणि वर्ग तिथंच थांबवायला मला आताशा लाज वाटत नाही. तिसऱ्या अटीला मात्र सगळे हसतात, कारण प्रत्येकाचा रिचार्ज घरच्यांच्या पैशाचा असतो.

ती विद्यार्थिनी पुढं तीन वेळा त्या घरी गेली, मोबाइल पिशवीत ठेवून. चौथ्या वेळी बाईंनीच कापूस वेचणीच्या हिशेबाची वही तिच्यापुढं टाकली. तिनं वहीच्या पानांचे फोटो घेतले, आणि त्यावर बाईंचा फक्त आवाज: कुठल्या दिवशी किती किलो वेचला, किती मजुरी मिळाली, ती कुठं गेली. पूर्ण झाल्यावर बाईंनी ते आधी ऐकलं आणि दिराच्या उसनवारीचं एक वाक्य काढायला लावलं. काढलं. माझ्या मते ते वाक्य त्या गोष्टीतलं सगळ्यात चांगलं होतं.

मेळाव्याच्या दिवशी माझे सहा विद्यार्थी आपल्या शाळेत येणार आहेत. जिन्याखालच्या भित्तिपत्रकाची जागा, मैदान, प्रयोगशाळा यांचे फोटो ते घेतील, आणि आपले निवृत्त सर, बाई व घंटा देणारे मामा यांचे आवाज ध्वनिमुद्रित करतील. प्रत्येकाकडे ते दोनदा विचारतील, एकदा बोलण्याआधी आणि एकदा ऐकवल्यावर. नको वाटलं तर सरळ नको म्हणा, पोरांना त्याची सवय आहे. आणि कबड्डीच्या संघातले कुणी येणार असतील तर त्यांनी मला भेटावं. तो सामना किती गुणांनी जिंकला होता, ते मला अजून लिहायचं आहे.