पहिल्या वाहनाची निवड : भीमथडीतील एका रिवाजाचा इतिहास

खेड तालुक्याच्या डोंगरात उगम पावलेली वेळ नदी आग्नेयेकडे वाहत येऊन भीमेला मिळते त्या टापूत, पुण्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर, ढमढेरे सरदारांचे नाव आजही वागवणारे तळेगाव वसलेले आहे. अठरा वर्षे पुरी होऊन वाहनपरवान्यास पात्र झालेल्या मुलाने अथवा मुलीने पहिली दुचाकी म्हणून विजेवर चालणारी मोटारसायकल घ्यावी काय, असा प्रश्न या गावातल्या एखाद्या घरात आज निघतो, तेव्हा तो सर्वस्वी नव्या युगाचा आहे असे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही वाटते. यंत्र नवे आहे, यात शंका नाही. परंतु पहिले वाहन कोणते घ्यावे, ते कोणी ठरवावे आणि कोणत्या कसोटीवर ठरवावे, हा विचार या भूमीत निदान अडीचशे वर्षे चालत आलेला आहे, आणि त्याची परंपरा ध्यानी घेतल्यावाचून आजची निवड नीट करता येणार नाही, असे माझे मत आहे.

हा मुलूख भीमथडीचा. भीमा आणि नीरा यांच्या काठांवर पैदास होणारी तट्टे अंगाने लहान, खाण्यापिण्याला काटक आणि दौडीला चिवट असत. मराठी फौजांच्या लांबलांब मजला ज्या जनावरांच्या बळावर पार पडल्या, त्यांत या तट्टांचा वाटा फार मोठा. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचे गाव आहे, त्याच्या नावातच जुन्या पागेची स्मृती टिकून राहिली आहे. त्या काळच्या लष्करात शिलेदार आणि बारगीर असा भेद होता : सरकारी पागेतील घोडा ज्याला मिळे तो बारगीर, आणि स्वतःच्या खर्चाने घोडा व हत्यार बाळगून चाकरीस रुजू होई तो शिलेदार. शिलेदाराच्या घरात पहिल्या घोड्याची खरेदी ही साऱ्या कुटुंबाच्या पुंजीला हात घालणारी बाब असे, आणि म्हणून घोड्यावर बसणाऱ्या तरुणाच्या हौसेपेक्षा तीन व्यवहारी प्रश्नांना अधिक मान मिळे. याचा चारा कोठून येणार? याला नाल ठोकणारा नालबंद जवळपास आहे काय? आणि ज्या वाटेने याला रोज जायचे, ती वाट याच्या खुरांना मानवणारी आहे काय? उंच, देखणा, परदेशी घोडा दक्षिणेत विकला जात नसे असे नाही. पण दुष्काळाच्या सालात कडब्यावर तगणारे तट्टू गरीब शिलेदाराला अधिक जवळचे वाटे.

पेशवाई बुडाल्यावरही ही व्यवस्था एकाएकी संपली नाही. शिरूर, म्हणजेच घोडनदी, येथे इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन आपल्या पलटणीसह व सुमारे तीनशे स्वारांसह निघाला तो याच छावणीतून, आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावी भीमेच्या काठी लढाई झाली. पुणे हॉर्स म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या रिसाल्यातही स्वाराने स्वतःचा घोडा आणावा, ही शिलेदारीची रीतच चालू राहिली. या परिसराला वेगाचे किती अगत्य होते, हे त्रिंबकजी डेंगळ्यांच्या कथेवरूनही दिसते. तळेगावाशेजारच्या निमगाव म्हाळुंगीचे हे गृहस्थ मूळचे जासूद. १८०२ मध्ये होळकरांच्या भयाने दुसरे बाजीराव महाडास गेले असता त्रिंबकजींनी पुण्याचे पत्रोत्तर इतक्या त्वरेने आणून दिले की तेथूनच त्यांच्या दैवाचा उदय झाला, असे इतिहासकार ग्रँट डफ नमूद करतो. पुढे त्यांनी काय केले आणि त्याचे पर्यवसान कशात झाले, हा विषय निराळा.

घोड्यानंतरचे दीर्घ युग बैलगाडीचे, आणि त्यात व्यक्तीच्या स्वतंत्र वाहनाला जागाच नव्हती. ती जागा सायकलीने निर्माण केली. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान घातले. सायकली विकण्याबरोबरच त्या चालवण्यास शिकवण्याचेही काम त्या दुकानाने केले, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे, कारण विकणाऱ्याने शिकणाऱ्याचा भार स्वतःवर घ्यावा ही वृत्ती पुढे आपल्या बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. खेड्यांपर्यंत सायकल पोहोचली ती तासाच्या भाड्याने, आणि कित्येक पिढ्यांनी आपले पहिले वाहन असे भाड्याचेच चालवले : सीटवर बसून पाय पोहोचत नाहीत म्हणून दांड्याखालून पाय घालून, अर्धे पायडल मारीत, गुडघे फोडून घेत. शिकण्याचे वाहन एक आणि घरचे वाहन निराळे, हा उपयुक्त भेद त्या काळाने आपोआप पाळला.

पेट्रोलवरच्या दुचाकीचे युग आले तेव्हा मात्र निवड ही गोष्टच काही काळ लोपली. पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाजची स्कूटर तयार होऊ लागली. पण परवाने, कोटा आणि परकीय चलनाची टंचाई यांमुळे नाव नोंदवल्यापासून गाडी हाती येईपर्यंत कित्येकांना दहा-दहा वर्षे थांबावे लागे. ज्याला जे मिळेल ते घ्यावे, अशी ती अवस्था. या कोंडीतून ग्रामीण महाराष्ट्राला वाट मिळाली ती पुणे-नगर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून. १९७२ मध्ये हस्तिमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, लुना ही पन्नास सीसीची मोपेड काढली. तिला गिअर नव्हते, वजन बेताचे होते, आणि पेट्रोल संपले तर पायडल मारून घर गाठता येत असे. प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका, पोस्टमन अशा पगारी माणसांची ती पहिली गाडी ठरली. आणि ज्या स्त्रियांनी गावाच्या वेशीबाहेर स्वतःच्या हाताने वाहन नेले, त्यांतील अनेकींची सुरुवात लुनावरच झाली. नवशिक्याच्या सामर्थ्याला अनुरूप असे वाहन मुद्दाम घडवण्याचा इतका यशस्वी प्रयत्न आपल्याकडे दुसरा झाला असेल असे मला वाटत नाही. त्यानंतर दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवून चालणारी बजाजची एम-८०, त्याच सुमारास, १९८५ मध्ये, कमी पेट्रोल पिणारी हिरो होंडा, आणि २००१ मध्ये चाकणच्या कारखान्यातून निघालेली पल्सर. सणसवाडी, कोरेगाव, रांजणगाव येथे कारखाने उभे राहिले, पाळीवर जाणाऱ्या तरुणाला मोटारसायकल ही चैन न राहता नोकरीची अट झाली, आणि त्या गर्दीत सर्वांत शक्तिमान गाडी हीच पहिली गाडी असा एक घातक समज रूढ झाला.

विजेच्या मोटारसायकलीचा वृत्तांत याच प्रदेशातून सुरू होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जून २००९ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावर विजेच्या मोटारसायकलींची पहिली मोठी शर्यत झाली, तीत पुण्याच्या कपिल शेळके यांच्या टॉर्क या चमूने खुल्या गटात तिसरा क्रमांक मिळवला; त्याच टॉर्कची क्रॅटोस ही मोटारसायकल २६ जानेवारी २०२२ रोजी बाजारात आली. तत्पूर्वी २०१९ मध्ये रिव्होल्टची आरव्ही ४०० आली होती, आणि जानेवारी २०२० मध्ये बजाजने चेतक हे जुने नाव विजेच्या स्कूटरला देऊन ती प्रथम पुणे व बेंगळुरू या दोनच शहरांत विकण्यास घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर फिरोदियांच्याच घराण्यातील सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांच्या कायनेटिक ग्रीनने ई-लुना काढली : दोन किलोवॉट-तासांची बॅटरी, ताशी पन्नास किलोमीटरांची कमाल गती.

आता ते तीन जुने प्रश्न नव्या घोड्याला विचारून पाहावेत. चाऱ्याचा प्रश्न म्हणजे विजेचा. शहरातल्या ग्राहकापेक्षा या बाबतीत तळेगावचा शेतकरी अधिक जाणता आहे, कारण विहिरीवरच्या आणि चासकमानच्या पाण्यावरच्या पंपांनी विजेच्या मोटरीचे सारे गुणदोष त्याला पूर्वीच शिकवले आहेत : कमी दाबाने मोटर कशी तापते, स्टार्टर का पडतो, रिवायंडिंगला किती दिवस मोडतात. गावठाणातल्या घरी वीज बहुतेक वेळ असते. पण जो मळ्यात, वस्तीवर राहतो आणि ज्याची जोडणी शेतीच्या वाहिनीवर आहे, त्याला तीन फेज वीज ठरलेल्या तासांपुरती, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. अशा माणसाने बॅटरी काढून घरात नेता येते अशी गाडी पाहावी. आरव्ही ४०० मध्ये ती सोय आहे, क्रॅटोसमध्ये नाही. पंपाच्या पेटीतून उघडी वायर ओढून गाडीला जोडण्याचा मोह कोणालाही होईल. तो कटाक्षाने टाळावा आणि अर्थिंग केलेला पंधरा अँपिअरचा स्वतंत्र प्लग बसवून घ्यावा.

वाटेचा प्रश्न अंतराचा आहे. एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते, याचा जाहिरातीतला एकच आकडा पाहून भुलू नये. आरव्ही ४०० ची ३.२४ किलोवॉट-तासांची बॅटरी, खुद्द कंपनीच्या सांगण्याप्रमाणे, सावकाश चालीत दीडशे किलोमीटर, मध्यम चालीत शंभर आणि जलद चालीत ऐंशी किलोमीटर नेते. तळेगावाहून रांजणगावच्या कारखान्यात जाऊन येण्यास यांतील कोणतीही चाल पुरेल. पुण्यास जाऊन परत येणाराची मात्र जलद चालीत शेवटच्या टप्प्यावर पंचाईत होईल, आणि मागे माणूस व पुढे समोरचा वारा असल्यास ती आधीच होईल.

नालबंदाचा प्रश्न सर्वांत बिकट. गावातला मिस्त्री कार्बोरेटर उघडतो, क्लचप्लेट बदलतो. परंतु बॅटरी आणि तिचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक भाग कंपनीच्या माणसाखेरीज कोणी उघडू नये अशाच घडणीचा असतो. म्हणून किंमत विचारण्यापूर्वी जवळचे सेवाकेंद्र शिरूर, शिक्रापूर, वाघोली की थेट पुणे, हे विचारावे, आणि बॅटरीच्या हमीची मुदत लेखी घ्यावी. २०२२ मध्ये विजेच्या दुचाकींना आगी लागल्यावर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक केले. स्वस्त मिळते म्हणून त्यापूर्वीची जुनी गाडी नवशिक्याने घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

याखेरीज एक चौथा प्रश्न आहे, आणि तो घोड्याच्या काळी वडीलमाणसांनी क्वचितच विचारला : बसणाऱ्याचे काय? विजेच्या गाडीला क्लच नाही, गिअर नाही, त्यामुळे चढावर गाडी बंद पडण्याची नवशिक्याची भीती नाहीशी होते. पण मूठ पिळताक्षणीच सारा जोर चाकापाशी येतो आणि इंजिनाचा आवाज नसल्याने वेगाचे भान कानांना होत नाही. यासाठी गाडी हलकी हवी, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, आणि पहिले काही महिने ती मंद चालीतच ठेवली पाहिजे. शिकण्याची सुरुवात न्हावरे-चौफुला बाजूच्या रस्त्यावर भल्या सकाळी करावी, उसाच्या हंगामात तेथेही ट्रॅक्टरमागे जुंपलेल्या ट्रॉल्यांपासून अंतर राखावे. कंटेनरांनी गजबजलेल्या चाकण-शिक्रापूर रस्त्यावर आणि नगर रस्त्यावर हात बसल्यावाचून जाऊ नये.

परवान्याची बाबही आधी उमजून घ्यावी. विना-गिअर वाहनावर परीक्षा देणाऱ्यास विना-गिअर वाहनाचाच परवाना मिळतो, आणि त्या परवान्यावर घरातली वडिलांची पेट्रोलची मोटारसायकल चालवणे कायद्यास मान्य नाही. रात्री-अपरात्री आजाऱ्याला शिरूरला न्यायचे झाले आणि विजेची गाडी चार्जिंगला लावलेली असली, तर हातात दुसरे वाहन तेच असते; म्हणून विजेची मोटारसायकल घेणाऱ्यानेही परीक्षा गिअरच्या गाडीवरच द्यावी.