चांदिपुरा: उलट्या आरएनएचा विषाणू

वाशिममध्ये बोलायचं तर सुरुवात सोयाबीनपासूनच करावी लागते. पान पिवळं पडलं, पांढरी माशी दिसली, की आपण ‘मोझॅक आला’ म्हणतो. तो विषाणू डीएनएचा. पण धागा एकेरी, गोल, आणि तुकडे दोन. प्रत्येकात साधारण २,७०० अक्षरं. २०२२ मध्ये गोठ्यात शिरलेला लम्पीसुद्धा डीएनएचाच, पण दुहेरी धाग्याचा, जवळपास दीड लाख अक्षरांचा!

आता माणसांकडे येऊ. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ होती, चिकुनगुन्या आणि डेंग्यूची. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले, म्हणजे आजच्या एनआयव्हीतले, भट्ट आणि रॉड्रिग्ज यांना चांदिपुरा गावच्या दोन रुग्णांच्या रक्तात तिसराच विषाणू सापडला. गावाचं नाव त्याला चिकटलं. गावानं काही मागितलं नव्हतं म्हणा!

तिघेही आरएनएचे. पण चिकुनगुन्या-डेंग्यूचा आरएनए सुलटा असतो. पेशी तो थेट वाचते आणि प्रथिनं बनवायला लागते. चांदिपुऱ्याचा उलटा, फोटोच्या निगेटिव्हसारखा. आधी त्याची सुलटी प्रत काढावी लागते, आणि ती काढणारं एन्झाइम आपल्या पेशीत नसतं. मग हा वाढतो कसा?

उत्तर अमेरिकेत मिळालं, १९७० मध्ये. डेव्हिड बाल्टिमोर, ॲलिस हुआंग आणि मार्था स्टॅम्फर यांनी चांदिपुऱ्याच्या चुलतभावावर काम केलं. हा चुलतभाऊ गुराघोड्यांच्या तोंडाला फोड आणतो. त्यांना दिसलं, की हा विषाणू ते एन्झाइम स्वतःसोबतच घेऊन येतो. पुढच्याच वर्षी बाल्टिमोरनं सगळ्या विषाणूंची सहा गटांत मांडणी केली. सातवा गट नंतर आला.

आपल्या विदर्भातल्या विषाणूकडे मात्र बरीच वर्षं कुणी गंभीरपणे पाहिलं नाही. साधा ताप आणणारा, असंच धरून चालले. मग २००३ उजाडलं. एकट्या आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. विदर्भातही मुलं गेली. चावणारी वाळूमाशी, भिंतीच्या भेगांत राहणारी, डासापेक्षाही लहान.

त्याच्यावर अजून लस नाही, नेमकं औषध नाही. तपासणीत आधी आरएनएचा डीएनए करून घ्यावा लागतो. ते करणारं एन्झाइमही १९७० चंच, टेमिन आणि बाल्टिमोर यांनी वेगवेगळं शोधलेलं. पण २००३ मध्ये कित्येक मुलं दवाखान्यात आल्यावर एका दिवसातच गेली. नमुन्याचा निकाल येईपर्यंत खाट रिकामी झालेली असायची.