मिनामाताची मांजरं

जेवताना ऐकत असाल, आणि ताटात मासे असतील, तर हा भाग जरा नंतर लावा.

आज आपण जातोय जपानला. क्युशू बेटावर मिनामाता नावाचं गाव आहे. १९५०च्या दशकात तिथली मांजरं विचित्र वागायला लागली. झोकांड्या खायची, गोल गोल फिरायची, काही तर समुद्रात पडून मरायची. लोक म्हणाले, मांजरं नाचतायत. मग तेच माणसांत दिसायला लागलं. एप्रिल १९५६ मध्ये सहा वर्षांचीही नसलेली एक मुलगी दवाखान्यात आली. तिला नीट चालता येईना, बोलता येईना. १ मे १९५६ ला डॉक्टर हाजिमे होसोकावा यांच्या दवाखान्यातून सरकारी आरोग्य केंद्राला कळवलं गेलं, की मेंदूचा कुठलातरी अनोळखी आजार पसरतोय.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). हा दवाखाना होता चिस्सो कंपनीच्या कारखान्याचा. आणि हाच कारखाना १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनवताना पारा वापरत होता आणि सांडपाणी समुद्रात सोडत होता. त्यातला मिथाइल मर्क्युरी आधी बारीक जीवांत, मग छोट्या माशांत, मग ते खाणाऱ्या मोठ्या माशांत साठत गेला. पुढची पायरी मांजर आणि कोळ्याचं घर. गर्भातली बाळंसुद्धा सुटली नाहीत, कारण हे विष वारेतून थेट पलीकडे जातं.

१९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाने पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी मांजराला खाण्यातून दिलं. मांजर क्रमांक ४००. ऑक्टोबरमध्ये ते तसंच झोकांड्या खायला लागलं. कंपनीने हा निकाल दाबला. मला सगळ्यात जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. डिसेंबरमध्ये कंपनीने रुग्णांना 'सहानुभूती' म्हणून थोडे पैसे दिले आणि करारात लिहून घेतलं, की उद्या कारखानाच दोषी ठरला तरी जास्त मागायचं नाही. पोट हातावर असलेल्या माणसांनी सह्या केल्या. पारा वाहत राहिला, १९६८ पर्यंत! होसोकावांनी १९७० मध्ये, कॅन्सरने आजारी असताना, अंथरुणावरूनच साक्ष दिली. त्याच वर्षी ते गेले. १९७३ मध्ये कोर्टाने तो करार रद्द ठरवला आणि कंपनीला दोषी धरलं.

पारा वापरण्यावर बंधनं घालणाऱ्या २०१३ च्या जागतिक कराराला याच गावाचं नाव दिलंय. भारतही त्यात आहे.

आमच्या घरी मालवणी पद्धतीचं मोरीचं मटण म्हणजे जीव की प्राण. मोरी म्हणजे शार्क, दुसऱ्या माशांना खाऊन जगणारी. म्हणून तिच्यात पारा जास्त साठतो, आणि शिजवून, तळून तो जात नाही. ताईला दिवस गेले तेव्हा आईने मोरी बंद केली. तारली, मांदेली मात्र चालू होती. ताई नऊ महिने कुरकुरत होती.